मालीची अकूस्टिक गिटार आणि ब्लूज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका रविवारी आम्ही सात-आठ जण एकत्र बसून संगीत ऐकतो. पश्चिम आफ्रिकेची गिटार लावली की सोमवारी सकाळपासून फोनवर प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेक तेच असतात. दर वेळी नव्याने टंकत बसण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. हवा तो प्रश्न उघडा.

१. हे नेमकं कुठलं संगीत? आफ्रिका केवढी तरी मोठी आहे.

मुख्यतः माली. त्याच्या आजूबाजूला गिनी, सेनेगल आणि नायजर. नकाशावर नायजर नदी शोधा. ती गिनीच्या डोंगरात उगम पावते, समुद्राकडे जायचं सोडून उलट वाळवंटाच्या दिशेने निघते, तिंबुक्तूपाशी मोठं वळण घेते आणि मग खाली नायजेरियातून समुद्राला मिळते. ४,१८० किलोमीटरचा प्रवास. या वळणावरच्या गावांत सोंघाय, फुलानी आणि तुआरेग लोक शेजारी-शेजारी राहतात, आणि आपण ज्याला ‘वाळवंटी ब्लूज’ म्हणतो त्यातलं बरंचसं तिथलं आहे (ब्लूज म्हणजे मुळात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत). राजधानी बामाको आणि तिच्या पश्चिमेचा मुलूख बंबारा-मंडिंका लोकांचा. तिथला बाज वेगळा (प्रश्न ८ पहा).

इथिओपियाचं संगीत, काँगोची रुंबा, नायजेरियाचा आफ्रोबीट हे सगळं यात येत नाही. तेही छान आहे, पण ते दुसऱ्या पंगतीचं.

२. सुरुवात कुठून करू? यादी नको, दोन-तीनच सांगा.

पहिला अल्बम ‘इन द हार्ट ऑफ द मून’ (२००५). अली फार्का तूरे यांची गिटार आणि तुमानी जाबाते यांचा कोरा (भोपळ्याचं तंतुवाद्य, प्रश्न ५ पहा). बामाकोत नदीकाठच्या हॉटेलात दोन-दोन तासांच्या तीन बैठकांत, जवळजवळ तालमीशिवाय ध्वनिमुद्रित झालेला. पहिल्यांदा ऐकताना कोऱ्याकडे लक्ष जाईलच, कारण तो कारंजासारखा उसळतो. दुसऱ्यांदा ऐकताना कोरा विसरा आणि फक्त गिटार धरा. तोच चार-सहा सुरांचा फेरा, पुन्हा, पुन्हा. मध्येच एक सूर किंचित उशिरा येतो, एखादा गाळला जातो, आणि तेवढ्याने अख्ख्या फेऱ्याचा रंग बदलतो. माझ्या मते या संगीताची सगळी मोहिनी त्या न हलणाऱ्या गिटारीत आहे. कारंजं दिसतं, पण विहीर ती आहे.

दुसरा, बूबाकार त्राओरे यांचा ‘मारियामा’ (१९९०). एक माणूस, एक गिटार, आणखी जवळपास काही नाही. त्यांची कहाणी प्रश्न ११ मध्ये.

तिसरा, बाबा माल आणि मन्सूर सेक यांचा ‘जाम लीली’. सेनेगलच्या उत्तरेकडच्या फुलानी भाषेतली ही गाणी १९८४ मध्ये ध्वनिमुद्रित झाली आणि १९८९ मध्ये युरोपात पोचली. दोन गिटारी एकमेकींत अशा गुंततात की कुठली कुणाची ते कळत नाही. पावसाळ्यात ऐका.

३. ही नावं उच्चारायची कशी?

स्पेलिंग फ्रेंच वळणाचं असल्याने गडबड होते. ‘तौरे’ नव्हे, तूरे. ‘डायबेट’ तर मुळीच नव्हे (हा मेसेज मला खरंच आला होता), जाबाते. त्राओरे, कुयाते, जेलिमादी. गावाचं नाव नियाफुंके.

४. अली फार्का तूरे यांच्या नावात ‘गाढव’ आहे हे खरं का?

खरं आहे. त्यांचा जन्म १९३९चा. ते आईवडिलांचे दहावे अपत्य, आणि आधीचे नऊही मुलगे तान्हेपणीच गेलेले. मूल जगत नसलं की पुढच्याला मुद्दाम विचित्र नाव द्यायची रीत तिकडे आहे. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरू का ठेवतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळं समजावून सांगायला नको. फार्का म्हणजे गाढव: चिवट, हट्टी, सहजी न मरणारं. ते स्वतः वर एवढंच जोडायचे की या गाढवावर कुणी बसत नाही.

वडील दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना गेले. कुटुंब नियाफुंकेला आलं. शाळा नाही; शेती, नदी आणि बोटी. बारा-तेराव्या वर्षी त्यांनी एकतारी जुर्केल स्वतः बनवलं. १९५६ मध्ये गिनीच्या नृत्यपथकाबरोबर आलेल्या केता फोदेबा यांची गिटार ऐकली आणि तिथून सहा तारांचं वेड लागलं. स्वतःची गिटार मात्र १९६८ साली विकत घेतली, तीही बल्गेरियात, सोफियाला कार्यक्रमासाठी गेले होते तेव्हा. १९७० ते १९८० ही दहा वर्षं ते बामाकोत रेडिओ मालीवर ध्वनितंत्रज्ञ होते. त्या काळातली ध्वनिमुद्रणं पुढे ‘रेडिओ माली’ या नावाने निघाली. आवाज खरखरीत आहे, पण मला ती आजही सगळ्यांत आवडतात.

जगभर नाव झाल्यावर हा माणूस गावी परतला आणि शेतीला लागला. मी आधी शेतकरी, असं ते सांगत. १९९९चा ‘नियाफुंके’ हा अल्बम करायला ते स्टुडिओत गेलेच नाहीत. सगळी यंत्रं गावात आणली, ओस पडलेल्या एका इमारतीत जनरेटरवर ती चालवली, आणि वादन शेतीच्या कामातून वेळ काढून झालं. २००४ मध्ये ते गावचे महापौर झाले आणि पदरच्या पैशाने रस्ते-गटारांची कामं केली. मार्च २००६ मध्ये हाडांच्या कर्करोगाने गेले.

५. एकच माणूस वाजवत असतो, मग दोन गिटारी का ऐकू येतात?

अंगठा आणि तर्जनी. बहुतेक वादक एवढीच दोन बोटं वापरतात. अंगठा खर्जाच्या तारांवर एक घट्ट चाल धरून ठेवतो, तर्जनी वरच्या तारांवर बोलत राहते. दोघांचे आघात एका वेळी क्वचित पडतात. एकाच्या फटीत दुसरा बसतो, आणि कान आपोआप दोन माणसं समजतो.

ही बोटं गिटारीवर जन्मलेली नाहीत. कोरा बघा: अर्धा भोपळा, त्यावर ताणलेलं गाईचं कातडं, लांब दांडी आणि २१ तारा. वादक वाद्य स्वतःकडे तोंड करून धरतो, दोन्ही हातांची मधली, अनामिका, करंगळी मुठींवर अडकवतो. उरतात दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. अंगठ्यांनी खर्ज, तर्जन्यांनी वरचे सूर. त्यात सतत फिरणाऱ्या पायाभूत चालीला ‘कुंबेंगो’ म्हणतात, आणि तिच्यावरून धबधब्यासारख्या खाली येणाऱ्या तानेला ‘बिरिमिंतिंगो’. गिटार आली तेव्हा लोकांनी हेच तिच्यावर चढवलं. बूबाकार त्राओरे ऐकताना गिटारीत कोरा ऐकू येतो तो त्यामुळेच.

६. गिटारीच्या आधी काय होतं? एन्गोनी, एन्जार्का ही काय वाद्यं आहेत?

एन्गोनी म्हणजे होडीच्या आकाराच्या लाकडी पोकळीवर कातडं ताणलेलं छोटं तंतुवाद्य, बहुधा चार ते सात तारांचं. अमेरिकेतल्या बँजोचे पूर्वज शोधताना याच्या आणि सेनेगल-गांबियातल्या आकोंतिंगच्या दारात जावं लागतं. बासेकू कुयाते यांचा ‘सेगू ब्लू’ (२००७) ऐकलात तर नुसत्या एन्गोनींचा अख्खा ताफा ऐकायला मिळेल.

एन्जार्का हे भोपळ्याचं, एका तारेचं, धनुकलीने वाजवायचं वाद्य. आवाज कर्कश, जवळजवळ माणसाच्या ओरडण्यासारखा. अली फार्का मधूनच गिटार खाली ठेवून ते उचलत. पहिल्यांदा ऐकून आमच्यातल्या एकीने आवाज कमी करायला सांगितला होता. आता तीच लावायला सांगते.

आणि ताल? बऱ्याचदा ढोल नसतोच. अर्धा भोपळा जमिनीवर पालथा घालतात. मुठीने मारलं की घुमारा, बोटांनी मारलं की टकटक. अली फार्का यांच्याबरोबर हम्मा सांकारे हे वाजवत. एक पालथा भोपळा एवढं चालवू शकतो हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

७. हे सगळे ‘ग्रिओ’ असतात ना, म्हणजे भाट?

नाही, आणि इथेच बऱ्याच लेखांत घोळ असतो. ग्रिओ (बंबारा-मंडिंकांच्या मंडे भाषांत ‘जेली’) ही जन्माने मिळणारी वृत्ती आहे. घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवायच्या, राजांचे पराक्रम गायचे, भांडणं मिटवायची. दक्षिण महाराष्ट्रातले हेळवी ज्यांना आठवतात त्यांना नातं लगेच कळेल. तुमानी जाबाते अशा घराण्यातले. आपल्या घरात ७१ पिढ्या कोरा वाजतो असं ते सांगत. कुयाते, जाबाते, सिसोको, तुंकारा ही आडनावं दिसली की बहुधा जेली घर समजा.

अली फार्का मात्र खानदानी कुळातले. अशा घरातल्या मुलाने गाणंबजावणं करणं कमीपणाचं समजलं जाई, आणि त्यांच्या घरच्यांचाही विरोध होता. त्यामुळे ‘इन द हार्ट ऑफ द मून’मध्ये दोन वेगळ्या जातींचे, वेगळ्या भागांतले, वेगळ्या भाषांचे लोक समोरासमोर बसलेत. एकाला वाजवणं वारशाने मिळालं, दुसऱ्याने ते हट्टाने मिळवलं. हे डोक्यात ठेवून ऐकलं की दोघांच्या वाजवण्यातला फरक स्वभावासारखा दिसू लागतो.

८. हा कुठला राग आहे? मला मालकंस वाटला.

सर्वाधिक येणारा प्रश्न. मालकंस नाही. अली फार्का यांची बरीच गाणी ज्या पाच सुरांत फिरतात ते म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्याकडे हे धानीचे सूर. मालकंसात पंचम नाही. इथे पंचम ठणठणीत असतो. काही गाण्यांत भूपाचे पाच सूर सापडतात.

पण सूर जुळले म्हणजे राग जुळला असं नाही. धानीची चलनं, न्यास, आरोह-अवरोहाची शिस्त यांतलं काही तिथे नाही, आणि तिथली शिस्त आपल्याला माहीत नाही. सारखेपणा खरा आहे तो दुसऱ्याच गोष्टीत: एका सुराला धरून बसण्यात. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गट) बदलतच नाही असं कितीदा तरी होतं. पाश्चात्त्य संगीतावर वाढलेल्याला तिथे ‘काही घडत नाही’ असं वाटतं. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला त्यात काही खटकत नाही. मराठी माणसांना हे संगीत इतक्या पटकन का लागतं, याचं माझं उत्तर तरी हेच.

अपवाद: पश्चिमेकडचे मंडिंका लोक सात सूर वापरतात. कोऱ्याच्या ‘सौता’ या जुळणीत तीव्र मध्यम येतो, म्हणजे आपला कल्याण थाट. तुमानी ऐकताना कुणाला यमन आठवला तर त्याला हसू नका.

९. सम सापडत नाही. मी टाळी देतो आणि दोन आवर्तनांत चुकतो.

तुमचा दोष नाही. बरीच गाणी सहा किंवा बारा मात्रांची असतात. सहा मात्रा तीन-तीन अशा मोजल्या की दादरा. दोन-दोन-दोन अशा मोजल्या की वेगळीच चाल. इथे दोन्ही एकाच वेळी चालू असतात. अंगठा एक मोजतो, तर्जनी दुसरी, आणि गाणारा तिसरीकडूनच आत येतो.

त्यात भर म्हणजे फेरा आपल्याला जिथे सुरू झाल्यासारखा वाटतो तिथे तो सुरू होत नाही. आपला कान सर्वांत ठसठशीत सूर पकडून त्यालाच सम मानतो. उपाय सोपा आहे: गिटार सोडा, पालथ्या भोपळ्याचा घुमारा धरा आणि त्यावर पाय हलवा. भोपळा नसेल तर एखाद्या कार्यक्रमाचं चित्रीकरण बघा आणि वादकाचा पाय कुठे पडतो ते पहा. मी एका गाण्याची सम चार वर्षं चुकीची धरत होतो. खरी कळल्यावर गाणंच वेगळं निघालं. जुनं जास्त आवडायचं, हे आता कुणाला सांगू?

१०. इतकं दुःख कशाचं आहे या गाण्यांत?

बहुतेकदा दुःख नसतंच. आर्त आवाज ऐकला की आपण विरह, गुलामी, दुष्काळ असं काहीतरी मनाशी लावून टाकतो. अली फार्का यांच्या गाण्यांचे विषय बघा: शेतात राबा, मुलांना शिकवा, खरं बोला, नदीतल्या देवतांना विसरू नका. सोंघाय, फुलानी, तमाशेक, बंबारा अशा भाषांत ते गात, आणि बरीच गाणी सरळ उपदेशाची आहेत. डोळे मिटून, गळा दाटून ज्यावर तुम्ही डोलत आहात ते कदाचित ‘आळस सोडा’ असं सांगत असेल. मला ही गंमत फार आवडते. आपल्या भारुडातही वरून हसू आणि आत उपदेश असतो. इथे वरून व्याकूळता आणि आत नांगर.

ओढ नाही असं नाही. तुआरेगांच्या तमाशेक भाषेत ‘असूफ’ असा शब्द आहे. घराची आठवण, एकटेपण आणि शेकोटीच्या उजेडापलीकडची अंधारी पोकळी, हे सगळं त्या एका शब्दात. त्यांची गिटार त्यातून आली आहे (प्रश्न १३). आणि बूबाकार त्राओरे यांचं दुःख तर अक्षरशः खरं आहे.

११. बूबाकार त्राओरे यांना लोक मेलेलं समजत होते, ही काय गोष्ट?

जन्म १९४२, कायेस या सेनेगल नदीवरच्या गावी. फुटबॉलपटू, चेंडू फार नाचवत म्हणून ‘कार कार’ हे टोपणनाव. गिटार स्वतःच शिकले. १९६० मध्ये माली स्वतंत्र झाला, आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं ‘माली ट्विस्ट’ रेडिओवर रोज वाजत असे. तरुणांनो, परत या, देश उभारा, अशा अर्थाचं. देशभर आवाज ओळखीचा, पण रेकॉर्ड एकही नाही आणि रेडिओवरून पैसाही नाही. १९६८च्या लष्करी उठावानंतर जुन्या राजवटीच्या काळातली गाणी मागे पडली आणि तेही.

मग शिंपीकाम, दुकान, शेतीखात्यातली नोकरी. जवळजवळ वीस वर्षं. १९८७ मध्ये ते अचानक टीव्हीवर दिसले तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण लोक त्यांना गेलेलं समजत होते. दोनच वर्षांनी पत्नी पियरेत बाळंतपणात गेली. ते फ्रान्सला गेले, मजुरांच्या वसतिगृहात राहिले, बांधकामावर कामं केली. त्यांच्या गाण्याची टेप एका ब्रिटिश निर्मात्याच्या हाती लागली, त्याने शोधून काढलं, आणि ४८व्या वर्षी पहिला अल्बम आला: ‘मारियामा’. आता तो पुन्हा ऐका. त्या गिटारीत घाई का नाही ते कळतं.

१२. ब्लूजचा जन्म मालीतच झाला, हे सिद्ध झालंय का?

सरळ ‘हो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ‘नाही’ म्हणणाऱ्यावरही. अली फार्का यांचं मत ठाम होतं: मुळं आणि खोड आमच्याकडे, तुमच्याकडे फांद्या आणि पानं. १९६८च्या सुमारास अमेरिकी ब्लूज गायक जॉन ली हूकर यांची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली तेव्हा हा माणूस आपल्याकडचंच वाजवतोय, असं त्यांना वाटलं होतं.

बाजूचे मुद्दे दमदार आहेत. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्यांत सेनेगल-गांबियाच्या पट्ट्यातले लोक मोठ्या संख्येने होते, विशेषतः लुइझियानात. काही वसाहतींत ढोलांवर बंदी आली (साउथ कॅरोलायनात १७४०च्या कायद्याने), पण तंतुवाद्यं टिकली. संगीत अभ्यासक गेरहार्ड कुबिक यांनी १९९९च्या ग्रंथात ब्लूजच्या सुरांचा माग सहाराच्या दक्षिणेच्या गवताळ पट्ट्यापर्यंत काढला.

विरुद्ध मुद्दे: बारा मापांचा ठरलेला साचा आणि त्यातले कॉर्डबदल मालीत नाहीत, ते अमेरिकेत घडले. आणि साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकी रेकॉर्डी रेडिओवरून, बंदरांवरून मालीत पोचल्या होत्या. म्हणजे आज जे साम्य ऐकू येतं त्यात थोडा परतीचा प्रवासही आहे. एकाच आजीची नातवंडं शंभर-दोनशे वर्षांनी भेटावीत आणि मग एकमेकांच्या सवयी उचलाव्यात, तसं. ‘ब्लूज’ ही चिठ्ठी बाहेरच्या कंपन्यांनी चिकटवली. तिथे गाण्यांना ठेक्यांची, जमातींची, देवतांची नावं असतात.

१३. तिनारिवेन यात धरायचे का? ते तर इलेक्ट्रिक वाजवतात.

धरायचे, एका अल्बमापुरते तरी. या तुआरेग गटाचे प्रमुख इब्राहिम अग अलहबीब यांनी लहानपणी पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांची गिटार केली होती. वडील १९६३च्या तुआरेग बंडाच्या वेळी मारले गेले. पुढचं आयुष्य अल्जीरिया-लिबियातल्या निर्वासितांत आणि छावण्यांत. त्या बेकार तरुणांना ‘इशुमार’ म्हणत. फ्रेंचमधल्या बेकार या अर्थाच्या शब्दावरूनच तो आला. २०११चा ‘तासिली’ त्यांनी अल्जीरियाच्या वाळवंटात जानेतजवळ तंबू ठोकून, अकूस्टिक गिटारींवर केला. आधी तो ऐका आणि मग इलेक्ट्रिक. बाज तोच, फक्त वीज नाही.

हाच मुद्दा अली फार्का यांनाही लागू. ‘ते तर अॅम्प्लिफायर लावायचे’ असं कुणीतरी दर वेळी म्हणतंच. लावायचे. १९९४च्या ‘टॉकिंग तिंबुक्तू’मध्ये दोन्ही गिटारी आहेत. इथे ‘अकूस्टिक’ हे तारेपेक्षा वृत्तीचं नाव समजा.

१४. घानाची ‘पाम वाइन’ गिटार हेच का?

नाही, ते चुलत भावंड. पश्चिम किनाऱ्यावर गिटार खलाशांबरोबर आली. लायबेरियाच्या क्रू खलाशांनी दोन बोटांची पद्धत बंदराबंदरांत पसरवली, आणि ताडीच्या गुत्त्यांत जे संगीत जमलं त्याला पाम वाइन म्हणतात. कुमासी त्रिकुटाने १९२८ मध्ये लंडनला ‘या आम्पोन्सा’ ध्वनिमुद्रित केलं. त्याची चाल आजही घानात वाजते. पण तिथे कॉर्ड फिरतात, गाणं हसतं, समुद्राचा वारा लागतो. व्याकूळ व्हायचं असेल तर माली, ताडी प्यायची असेल तर घाना.

१५. बायका कुठे आहेत?

गाणाऱ्या भरपूर, गिटार हातात घेतलेल्या कमी. जेली घरांतही गाणं बायकांचं आणि वाद्य पुरुषांचं अशी विभागणी जुनी आहे. तरी रोकिया त्राओरे यांचा पहिला अल्बम ‘मुनेइसा’ (१९९८) ऐका. गिटार त्यांची स्वतःची, आवाज कुजबुजल्यासारखा. आणि नायजरमधल्या इलिगादाद गावच्या फातू सैदी गाली: तुआरेग स्त्रियांत गिटार वाजवणाऱ्या पहिल्या काहींपैकी एक. त्यांच्या गटाचा २०१६चा अल्बम घरामागच्या अंगणात बसून ऐकल्यासारखा आहे.

१६. भारताशी काही थेट संबंध?

एक सुरेख आहे. अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांनी १९९२ मध्ये पंडित विश्वमोहन भट यांच्याबरोबर ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ध्वनिमुद्रित केला. दोघं तासाभरापूर्वीच पहिल्यांदा भेटले होते. त्याला १९९४चं ग्रॅमी मिळालं. पुढच्या वर्षी त्याच विभागातलं ग्रॅमी पुन्हा कूडर यांच्याच जोडीदारीला: अली फार्का यांच्याबरोबरचा ‘टॉकिंग तिंबुक्तू’. मोहनवीणा आणि मालीची गिटार, पाठोपाठची दोन वर्षं, समोर बसलेला माणूस तोच. दोन्ही एका संध्याकाळी लावून बघा.

जाता जाता, कूडर यांचीच आणखी एक गोष्ट: १९९६ मध्ये हवानाला जेलिमादी तुंकारा आणि बासेकू कुयाते यांना घेऊन एक माली-क्युबा अल्बम व्हायचा होता. कागदपत्रांच्या घोळात ते दोघं पोचलेच नाहीत. स्टुडिओ तर घेतलेला, म्हणून तिथल्या जुन्या वादकांना जमवलं, आणि त्यातून ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ निघाला. ठरलेला अल्बम शेवटी २०१० मध्ये झाला.

१७. मला थोडी गिटार येते. हे शिकायचं कसं?

कॉर्ड विसरून सुरुवात करा. ते सगळ्यांत अवघड जातं. पाचवी तार मोकळी (ए) अंगठ्याने, सारख्या लयीत, पाच मिनिटं. नुसती. कंटाळा आला तरी थांबू नका. मग तर्जनीने पाच सूर शोधा: तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर ए, तिसरी मोकळी जी, चौथीच्या दुसऱ्या पडद्यावर ई, चौथी मोकळी डी, दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर सी. त्यांतले तीनच घेऊन छोटासा फेरा करा आणि तो अंगठ्याच्या आघातांच्या मध्ये बसवा, आघातावर नाही.

इथपर्यंत आठवडा लागतो. पुढची पायरी: फेरा न बदलता दहा मिनिटं वाजवणं. बदलायचा मोह होईल. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाने, जो एरवी मिनिटाला शंभर सूर काढतो, चौथ्या मिनिटाला गिटार खाली ठेवली आणि म्हणाला, ‘काका, हे जमत नाही हो.’ सहाव्या-सातव्या मिनिटाच्या आसपास बोटं स्वतःच एखादा सूर उशिरा टाकू लागतात, तिथे खरं काम सुरू होतं. कॅपो लावून वरच्या पडद्यांवर केलं तर आवाज कोऱ्याच्या जवळ जातो.

१८. ऐकताना झोप येते. माझं काही चुकतंय का?

नाही. झोपा.

१९. मुसलमान समाजात नदीच्या भुतांची गाणी कशी चालतात? आणि संगीतावर बंदी आली होती ना?

अली फार्का नेमाने नमाज पढणारे होते, आणि नदीत ‘गिंबाला’ राहतात यावरही त्यांचा विश्वास होता. त्यांची आजी या विद्येतली जाणकार. पंढरीला जाणारा माणूस गावच्या म्हसोबालाही नारळ फोडतो. फार लांबून बघू नका.

बंदीची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये उत्तर माली सशस्त्र कट्टर गटांच्या ताब्यात गेला आणि संगीत बंद केलं गेलं. नियाफुंके त्याच पट्ट्यात. वाद्यं जाळली गेली, वादक दक्षिणेला पळाले. २००१ पासून वाळवंटात भरणारा ‘फेस्टिव्हल ओ देझेर’ही जानेवारी २०१२ नंतर तिथे भरला नाही.

२०. अली फार्का गेले, तुमानीही गेले. आता कोण?

तुमानी जुलै २०२४ मध्ये गेले. त्याच वर्षी मे महिन्यात मन्सूर सेकही. नियाफुंकेचे आफेल बोकूम अली फार्का यांच्या तालमीत वाढले. त्यांचा ‘अल्किबार’ (१९९९) शांत आणि मऊ आहे. अली फार्का यांचा मुलगा व्यू याने वाजवू नये, सैन्यात जावं असं वडिलांना वाटे. मुलगा लपून शिकला. वडील शेवटी मानले, आणि जाण्यापूर्वी त्याच्या पहिल्या अल्बमात वाजवून गेले. तो २००७ मध्ये निघाला. २०२२ मध्ये व्यूने टेक्सासच्या क्रुआंगबिन या त्रिकुटाबरोबर वडिलांचीच गाणी घेऊन ‘अली’ केला. त्याच वर्षीचा त्याचा ‘ले रासीन’ मला जास्त जवळचा वाटतो. पुढच्या रविवारी तोच लावणार आहे.